सदतीस जुने डोळे

ती ओळ ऋजुता सामंतनेच लिहिली होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: ‘आपला ब्राउझर जुना झाला आहे. कृपया तो अद्ययावत करा.’ लिहायला तिला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. अशी ओळ सगळेच लिहितात. ती कोण वाचतं, कुठे वाचतं, याचा विचार करायची वेळ कधी येत नाही.

ऋजुता कोल्हापुरात ‘अंजन’ नावाच्या कंपनीत कामाला होती. साल २०४३. ज्यांच्या डोळ्याचा पडदा निकामी झाला आहे पण मागची नस शाबूत आहे, अशा माणसांना अंजन पुन्हा पाहायला मदत करायचं. शस्त्रक्रिया करून डोळ्यात तांदळाच्या दाण्याहून लहान चिप बसवायची आणि वर कॅमेऱ्याचा चष्मा घालायचा. चष्मा समोरचं दृश्य टिपून दूरच्या सर्व्हरकडे पाठवी. सर्व्हर त्यातल्या पायऱ्या उजळ करी, येणाऱ्या गाडीभोवती रेघ ओढी, चेहरे ओळखून नीट भरी आणि तयार चित्र वेबपानासारखं परत धाडी. चिप ते पान उघडून नसेपर्यंत पोचवी. हे सगळं सेकंदाला वीस वेळा. साधा हिशेब असा की या माणसांचं पाहणं म्हणजे एक वेबसाइट होती, सतत नव्याने उघडणारी.

हीच वेबसाइट डॉक्टर त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडायचे, रुग्णांचे नातेवाईक फोनवर. त्यामुळे ती कोणकोणत्या ब्राउझरमध्ये चालली पाहिजे याची एक यादी असायची आणि ती यादी सांभाळणं हे ऋजुताचं काम होतं. तिचे वरिष्ठ शंतनू घोरपडे त्या यादीच्या तळाशी असलेल्या ओळीकडे गेले वर्षभर बोट दाखवत होते. सर्वांत जुनी आवृत्ती, वापर ०.०४ टक्के.

“कुठल्या तरी दवाखान्यात कोपऱ्यात पडलेले जुने कॉम्प्युटर असणार,” ते म्हणाले. “त्यांच्यापायी आपण प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितो. एक जानेवारीपासून नवा कायदा लागू होतोय. शरीरातल्या कुठल्याही यंत्राशी बोलायचं तर नव्या सुरक्षा-कुलपातूनच. जुन्या ब्राउझरला ते कुलूप कळत नाही. काढून टाक.”

“आधी दहा मिनिटं बंद करून बघू,” ऋजुता म्हणाली. “कोणाची तक्रार आली तर कळेल कोण आहेत ते.”

ही पद्धत नवी नव्हती. सगळीकडे असंच करतात. मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने त्या जुन्या आवृत्तीचा आधार बंद केला आणि दहा मिनिटांनी म्हणजे अकरा वीसला पुन्हा सुरू केला. मधल्या वेळात एकही फोन आला नाही. तिने वहीत ‘तक्रार नाही’ असं लिहिलं आणि दुपारी डबा खायला गेली.

साडेबारानंतर मदतकक्षातून एक फोन तिच्याकडे वळवण्यात आला.

“मॅडम, मी राजश्री मगदूम, इचलकरंजीहून. तुमच्याकडनं मला निरोप आलाय. ब्राउझर जुना झालाय म्हणून.”

“हो काकू. तुम्ही कोणत्या कॉम्प्युटरवर बघत होतात?”

पलीकडे मागे कुठे तरी दवाखान्यातली नावं पुकारली जात होती.

“कॉम्प्युटर कुठला? मी रस्ता ओलांडत होते.”

ऋजुताने हातातला डबा खाली ठेवला. बाई सावकाश, कसलाही आरोप न करता सांगत होत्या. समोरून टेम्पो येताना दिसला, तो जाईल म्हणून त्या थांबल्या आणि एकाएकी रस्ता, टेम्पो, माणसं सगळं जाऊन नुसती अक्षरं उरली. डोकं वळवलं तरी तीच, डोळे मिटले तरी तीच. मागे सरकायला गेल्या आणि एका दुचाकीचा धक्का बसला. डावं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी फोन केला होता.

“वाचता आलं म्हणून कळलं तरी कुणाचा निरोप ते,” त्या म्हणाल्या. “आता हा ब्राउझर नवा कसा करायचा तेवढं सांगा. चष्म्याच्या डबीवर कुठं बटण आहे काय?”

बटण नव्हतं. ऋजुता हे जाणून होती. “मी उद्या तुमच्या घरी येते,” एवढंच ती म्हणाली.

दुपारभर तिने जुन्या नोंदी उकरल्या. अंजन सुरू केलं होतं ते एका छोट्या संस्थेने. २०३१ साली त्यांनी चाचणी म्हणून पहिल्या चिपा बसवल्या. त्या काळी चिपेत जागा इतकी कमी की चित्र उघडणारा ब्राउझर तिच्यात कायमचा कोरून टाकावा लागला. दगडावर अक्षरं कोरावीत तसा. पुढच्या चिपांचं सॉफ्टवेअर बाहेरून बदलता यायचं, पहिल्यांचं नाही. दोन वर्षांपूर्वी ही संस्था आताच्या मालकांनी घेतली तेव्हा पहिल्या चिपा सगळ्यांनी बदलून घेतल्या असतील असं सर्वांनी गृहीत धरलं. नोंदीत माणसांची नावं एकीकडे होती आणि ब्राउझरची आवृत्ती दुसरीकडे. दोन्ही याद्या कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ऋजुताने पाहिल्या. ०.०४ टक्के म्हणजे सदतीस माणसं होती. एकही कॉम्प्युटर नव्हता.

तिने सदतिसांना फोन लावले. मंगळवारच्या त्या दहा मिनिटांत एक गृहस्थ गॅसपाशी उभे होते, एक मुलगी कॉलेजात परीक्षा देत होती. बहुतेकांना वाटलं होतं, डोळाच गेला. तक्रार करायला फोन शोधायचा, तर आधी तो दिसायला हवा.

दुसऱ्या दिवशी निघताना शंतनू म्हणाले, “जा, विचारपूस कर. पण आपल्याकडून चूक झाली असं काही बोलू नकोस. वकिलांचं तसं म्हणणं आहे.”

राजश्रीबाईंचं घर इचलकरंजीत मागांच्या आवाजाच्या टप्प्यातच होतं. वरच्या मजल्यावर लांब टेबल, त्यावर दिव्याखाली पांढऱ्या कापडाचा तागा पसरलेला. वय अठ्ठावन्न, उंच, ताठ बाई. अठ्ठाविसाव्या वर्षी नजर जायला लागली, चाळिशी गाठेपर्यंत पूर्ण गेली. चिप बसल्यावर त्यांनी कापड तपासायचं काम धरलं. तुटलेला धागा, सुटलेली वीण, गाठ. अंजनचा सर्व्हर कडा ठळक करून दाखवी आणि त्यामुळे साध्या डोळ्याला चुकणारा दोष त्यांना चटकन दिसे. चार कारखान्यांचं कापड त्यांच्याकडे यायचं.

“बसा की,” त्या म्हणाल्या. “ही माझी मुलगी, समृद्धी. सांगलीला असते. हाताचं कळलं तशी आली.”

समृद्धी तिशी उलटलेली, गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. तिने ऋजुताला पाणी दिलं आणि दाराशीच उभी राहिली.

ऋजुताने वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तांत्रिक अडचण, प्रणालीतील बदल. पण त्या बाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन तिच्याकडे नीट बघत होत्या आणि ते बघणं तिनेच पाठवलेल्या पानांवर चाललं होतं.

“काकू, ते मी केलं,” ती म्हणाली. “ते दहा मिनिटं बंद मी केलं. ती ओळसुद्धा माझीच. ते कॉम्प्युटर आहेत असं आम्हाला वाटलं होतं. विचारायला हवं होतं, आम्ही विचारलं नाही.”

समृद्धी पुढे आली. “टेम्पोखाली गेली असती म्हणजे?”

“हो,” ऋजुता म्हणाली. “गेल्या असत्या.”

राजश्रीबाई म्हणाल्या, “कापडात दोष निघाला की मागवाला म्हणतो, सुतात होता. सूतवाला म्हणतो, मागात होता. माझ्याच हातून झाला असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.” त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. “प्या. आणि आता पुढं काय ते सांगा.”

पुढचं सांगणं जास्त कठीण होतं. एक जानेवारीला जुना आधार कायमचा बंद होणार होता. नवी चिप बसवायची तर जुनी काढावी लागणार. बारा वर्षांत नसेचे तंतू चिपेला बिलगलेले असतात. पाचांतल्या एकाची उरलीसुरली नस काढतानाच जाते.

“मग करून टाक ना आई,” समृद्धी म्हणाली. “चार जणांचं तर नीट होतंय.”

“पाचवी मी निघाले तर?” राजश्रीबाई म्हणाल्या. “एकदा अंधारात गेलेय मी. वाट ठाऊक आहे म्हणून परत जावंसं वाटत नाही.”

ऋजुता परत आली ती थेट शंतनूंच्या खोलीत. “जुना आधार चालू ठेवायला हवा, सर.”

शंतनू वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवलं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रयोग दाखवला. टेबलावर एक जुनी चिप होती, चाचणीसाठी ठेवलेली. त्यांनी एक साधा प्रोग्राम चालवला आणि चिपेला जोडलेल्या पडद्यावर, सर्व्हरने न पाठवलेला, एक रिकामा रस्ता दिसू लागला.

“हा मी घातला,” ते म्हणाले. “बारा वर्षांपूर्वीचं कुलूप आहे. कॉलेजातलं पोर उघडेल. तुझ्या त्या बाईंसमोर भरधाव टेम्पो असताना कुणी त्यांना मोकळा रस्ता दाखवला तर? कायदा उगाच नाही झालेला. तू म्हणतेस चालू ठेवा. मी म्हणतो, चालू ठेवणं हाच धोका आहे.”

त्यांचं म्हणणं खरंच होतं. ऋजुताला आतापर्यंत वाटत होतं की एका बाजूला माणसं आहेत आणि दुसऱ्या बाजूला आळस. आता दोन्ही बाजूंना माणसंच दिसत होती, तीच सदतीस.

वाट सापडली ती चार दिवसांनी, आणि तीही साधीच. जुन्या ब्राउझरसाठी वेबसाइट बनवणारे पूर्वी एक युक्ती करत. ब्राउझरला जे येत नाही ते करून देणारा छोटा दुभाषा त्याच्यासोबत पाठवायचा. चिप बदलता येत नव्हती, पण चष्मा येत होता. तो नाकावर बसलेला, शरीराबाहेर. चष्म्यात दुभाषा बसवला तर सर्व्हर आणि चष्मा नव्या कुलपातून बोलतील आणि चष्मा ते जुन्या भाषेत उतरवून चिपेला सांगेल. जुनं कुलूप उरेल ते फक्त चष्मा आणि डोळा यांच्यामधल्या दोन बोटांच्या अंतरात. तिथे घुसायचं तर माणसाच्या पापणीशी येऊन उभं राहावं लागेल.

शंतनूंनी आराखडा दोनदा वाचला. “चष्म्याची ताकद किती?”

“कमी आहे. सगळं नाही मावणार.” तिने हे आधीच मोजलं होतं. चालणं-फिरणं सुरक्षित राहावं म्हणून पायऱ्या, गाड्या, अडथळे हे ठेवायलाच हवं. त्यानंतर आणखी एका गोष्टीपुरती जागा उरत होती. छापील अक्षरं, रंग, चेहरे किंवा बारीक रेषा. यांतलं एक.

“कोणतं एक ते कोण ठरवणार?”

“ज्याचा डोळा तो,” ऋजुता म्हणाली.

शंतनूंनी होकार दिला, अट एवढीच की ती बंगळुरूच्या नव्या प्रकल्पावर जाणार होती तिथे दुसऱ्याला पाठवावं लागेल. त्या प्रकल्पाची तिने तीन वर्षं वाट पाहिली होती. तिने संध्याकाळी घरी आईला फोन करून जात नसल्याचं सांगितलं. आईने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, “इथलं काम संपलेलं नाही,” आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की तिला फारसं वाईट वाटत नव्हतं.

डिसेंबरभर तिने सदतिसांशी बोलून निवडी लिहून घेतल्या. परीक्षेतल्या मुलीने अक्षरं घेतली. गॅसवाल्या गृहस्थांनी रंग घेतला. भाजी करपलेली त्यांना रंगावरूनच कळे. बाकी बहुतेकांनी चेहरे मागितले. तशी मागणी येईल असं तिला वाटलंच होतं.

चेहऱ्यांबद्दल मात्र एक गोष्ट ती प्रत्येकाला आवर्जून सांगायची, कारण जुन्या संस्थेने ती कधीच धड सांगितली नव्हती. पहिल्या चिपेचे ठिपके इतके मोठे होते की माणसाचा चेहरा त्यात उमटतच नसे. म्हणून सर्व्हर ओळखीच्या माणसाचा साठवलेला फोटो घेई, समोरच्याच्या ओठांप्रमाणे त्याचे ओठ हलवी आणि तो त्या जागी बसवून देई. फोटो घरच्यांनी पहिल्या दिवशी दिलेला असे, तोच.

राजश्रीबाईंना तिने हे समोर बसून सांगितलं. समृद्धीही होती. रविवारी ती येतच असे.

“म्हणजे मला दिसतो तो फोटो?” राजश्रीबाईंनी विचारलं.

“चेहऱ्यापुरता, हो.”

“बघतच होते मी. मुलगी आपली हसतमुख.” त्या समृद्धीच्या दिशेने वळल्या. “नवरा सोडून गेला तरी तोंड पडू दिलं नाहीस, असं मी सगळ्यांना सांगत होते.”

तो फोटो समृद्धीच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला होता, वीस वर्षांची असतानाचा.

“मग काय लिहू?” ऋजुताने विचारलं.

“बारीक रेषा.”

“आई?”

“माणसं हाक मारतात, समृद्धी. तू जिन्यावर आलीस की पावलावरनं कळतेस मला. कापड काही बोलत नाही. ते मला दिसायलाच पाहिजे.”

समृद्धी उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा. ऋजुताने कागदावर ‘बारीक रेषा’ लिहिलं आणि सही घेतली. बाईंचा चेहरा शांत होता, पण सही करताना पेन दोनदा अडलं.

तीस डिसेंबरला ऋजुता दुभाषा घातलेले चष्मे घेऊन निघाली. टपालाने पाठवता आले असते, पण तिने जुना आधार बंद व्हायच्या आत प्रत्येकाच्या समोर बसून चष्मा चढवायचं ठरवलं होतं. जवळचे तिने स्वतःकडे घेतले, लांबच्यांकडे सहकारी गेले. मगदूमांच्या घरी ती दुपारी पोचली. समृद्धीने रजा काढली होती. काही बिघडलं तर जवळ कुणी असावं, म्हणून आले, असं ती म्हणाली. आईशी मात्र ती मोजकंच बोलत होती.

ऋजुताने जुना चष्मा काढला, नवा चढवला आणि स्वतःच्या फोनवर मोजमाप बघत राहिली. सर्व्हरचं कुलूप जुळलं. दुभाषा सुरू झाला. चिपेने पहिलं पान उघडलं.

“काही दिसतंय, काकू?”

“थांबा.” राजश्रीबाईंनी आधी टेबलावरचा तागा जवळ ओढला. निरखून पाहिला, बोट फिरवलं, एका जागी थांबवलं. “इथं धागा गेलाय.” ऋजुताने वाकून पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही. नखाने चाचपल्यावर एक केसाएवढी फट लागली.

चालेल. सदतिसांचंही चालेल.

राजश्रीबाई मान वर करून खोली बघत होत्या. खिडकी, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर. मग त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या समृद्धीवर आली आणि तिथेच राहिली. फोटो आता तिथे नव्हता. होत्या त्या नुसत्या रेषा, कॅमेऱ्याने त्या क्षणी टिपलेल्या. गालाच्या हाडाची, गळ्याच्या शिरांची, कपाळावरच्या आठीची, ओठांच्या कडांपासून खाली गेलेली.

“जरा पुढं ये,” त्या म्हणाल्या.

समृद्धी पुढे आली. राजश्रीबाईंनी तिला दिव्याखाली उभं केलं, ताग्याला करायच्या तसंच.

“तू किती वाळलीस ग.”

“चार वर्षं झाली, आई.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुला दिसतंय असंच मी धरून चालले होते.” समृद्धीचा आवाज साधा होता, सांगून सांगून दमल्यासारखा, जरी तिने कधी सांगितलं नव्हतं. “वाटायचं, आई बघते आणि काही विचारत नाही. म्हणजे विचारायचं नसेल तिला.”

राजश्रीबाईंनी चांगला हात वर करून तिच्या कपाळावरच्या आठीवर अंगठा ठेवला. मग डोळ्याच्या कडेला, मग ओठांच्या. रेष दिसत होती तिथे तिथे.

“ही कधीची?” त्यांनी विचारलं. “आणि ही?”

समृद्धी सांगू लागली. ऋजुताने फोन खिशात टाकला, पिशवी उचलली आणि न बोलता जिना उतरली. पुढचा चष्मा जयसिंगपूरला द्यायचा होता.